दोघींची जमीन

वहिनी, तुझ्या बॅनरवर तुझ्या केसांभोवती पांढरी कड राहिलीय.

गल्लीच्या तोंडाशी, मेडिकलच्या शेजारच्या खांबाला तो बांधलाय. वर लाल अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली माहेरची-सासरची नावं, मधे तू. दादाच्या मित्राच्या लग्नातला, मोरपंखी साडीतला फोटो घेतलाय. मागं निळं आभाळ टाकलंय आणि त्या आभाळावर तू कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी दिसतेस. आणि तू तर इतकी वर्षं क्रांती चौकातल्या त्या फ्लेक्सच्या दुकानात कंप्युटरपुढं बसून हेच काम केलंस. वाढदिवसाचे बॅनर, निवडणुकीचे, दहाव्याचे. किती भावी नगरसेवकांची डोकी कापून तू आभाळावर बसवलीस, पण एकाच्याही केसाला कड दिसू दिली नाहीस. "माणूस बॅनरवर चिकटवलेला नाय दिसला पाहिजे," तू म्हणायचीस, "उभा दिसला पाहिजे."

तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा इम्रान भेटायला आला होता. चप्पल काढून दारातच उभा राहिला, आत येईना. आई म्हणाली, "ये बाबा, बस." तर तिथंच भिंतीला टेकून रडायला लागला. मला म्हणाला, "भाभी के बाल मेरे से नै हुए, दीदी. माउस पकडा तो हात नै चल रा था. सेठ बोले, जैसा है वैसा छाप."

मी म्हटलं, छान झालाय बॅनर. दुसरं काय म्हणणार? तू असतीस तर त्याला धपाटा घातला असतास आणि खुर्ची ओढून स्वतः बसली असतीस.

तू लग्न होऊन आपल्या उस्मानपुऱ्याच्या घरात आलीस तेव्हा मला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, नणंद-भावजयीचं पटत नसतं, जपून राहा. मी जपूनच होते. घरातून एका कंपनीचं गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं काम करायचे आणि कानातून हेडफोन काढला की माझं स्वतःचं काम घेऊन बसायचे. तुझ्या पहिल्या उन्हाळ्यात असंच हॉलमध्ये बसले होते. तू केस विंचरत मागं येऊन उभी राहिलीस.

"काय करायलीस वन्सं?"

'वन्सं' तू मला चिडवायलाच म्हणायचीस. जुन्या बायका नणंदेला म्हणतात तसं.

"मॅप करतेय. गेमचा."

"कशाचा गेम?"

"राज्य वसवायचं, फौज उभी करायची, लढायचं. खेळ आयता मिळतो, पण त्यासाठी नवीन मुलूख आपण बनवू शकतो. हे बघ, इथं गवत, इथं वाळू, इथं पाणी."

तू वाकून बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "अन् ही फरशी कुणी बसवली?"

लई राग आला होता मला. पण खरं होतं. मॅपची जमीन छोट्या-छोट्या चौकोनी टाइलची असते. गवताची टाइल वाळूच्या टाइलला नुसती लावली की मधे रेघ पडते, बाथरूमच्या फरशीसारखी. मी म्हटलं, गेममध्ये असंच असतं. तू म्हणालीस, "असंल. पण जमीन अशी नसती." कंगवा केसात खोचून तू शेजारी बसलीस, ती तशीच बसलीस, कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी.

दुसऱ्या दिवशी दुकानातून पेन ड्राइव्हवर एक टाइल आणलीस, अर्धी गवताची, अर्धी वाळूची, मधली कड विरघळलेली. मी म्हटलं, एकीनं भागत नाही वहिनी. गवत वर असेल तर एक, खाली असेल तर दुसरी, डावीकडची, उजवीकडची, वर कोपऱ्याच्या वेगळ्या. त्यात बाहेरचा कोपरा निराळा आणि आतला निराळा. मला वाटलं कंटाळशील. तू म्हणालीस, "म्हंजे ब्लाऊजच्या गळ्यासारखं. सरळ शिवण कुणालाबी येती, गोलाईला खरी परीक्षा." पुढाऱ्यांच्या डोक्यांमधून वेळ काढून तू सगळ्या टाइल केल्यास. त्या लावल्या तर तुलाच पटेना. तीच टाइल पुन्हा पुन्हा आली की पडद्याच्या छापासारखी दिसते म्हणालीस, आणि प्रत्येकीच्या आणखी बहिणी करून आणल्यास, एकसारख्या पण तंतोतंत नसलेल्या.

आणि तो दिवस, जेव्हा तू मला वर-खाली शिकवलंस. नळाला पाणी यायचा दिवस होता. आपल्याकडं नळ रोज कुठं येतो, त्यामुळं त्या दिवशी सगळं घर पाण्याच्या मागं. तू पाइप ड्रममध्ये सोडून दारातून ओरडत होतीस, "वरती कोण अन् खाली कोण हे आधी ठरव! गवत वाळूवर चढतं, वाळू गवतावर चढत नाय!"

"कधीच नाही?"

"पूर येऊन गेल्यावर चढती. पण मग पूर येऊन गेला असं दिसलं पाहिजे तुझ्या नदीकडं बघून."

ड्रम भरून वाहायला लागला तरी तू बोलतच होतीस. आई म्हणाली, "दोघी मिळून चौकोन रंगवत बसता. एवढ्या वेळात कुरडया झाल्या असत्या." दादा वाळूजच्या कंपनीतून ड्युटी करून यायचा, आपल्या दोघींच्या पाठी बघायचा आणि विचारायचा, "जेवायला वाढतं का कुणी?" तू मागं न बघता म्हणायचीस, "नदीला पाणी सोडायलोय, थांब जरा." तो बिचारा स्वतः वाढून घ्यायचा. कधी चिडला नाही. आपल्याकडं बघत जेवायचा.

पैठणच्या खालच्या अंगाला, गोदावरीकाठी तुझं माहेर. तिथं आपण दोघी गेलो ते जमिनीसाठीच. तुझ्या भावाला वाटलं नणंदेला नदी दाखवायला आणलीय. तू मला शेतात उकिडवी बसवलंस आणि फोनवर मातीचे फोटो काढायला लावलेस. काळ्या रानाच्या भेगा, बांधाकडचा मुरूम, नदीकडची पुराच्या गाळाची मळी, मग रेती. "बघ, कुठं बदलली सांग," म्हणालीस. मी चालत गेले आणि मला सांगता येईना. काळी माती मागं होती, मुरूम पायाखाली होता, आणि मधे कुठंच रेघ नव्हती. तुझा भाऊ हसून हसून बेजार. "लोक नदीचे फोटू काढतेत, ह्या मातीचे काढायल्यात!" तू त्याला म्हणालीस, "तुझं रान गेममध्ये जाणार हाय, गप ऱ्हा."

परतताना बसमध्ये तू मला विचारलंस, "असल्या कामाचा पगार देतात का गं कुणी?"

"देतात की. पुण्याला, बंगलोरला आहेत कंपन्या."

तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. "मग मी इथं कुणाची डोकी कापायले?"

हसलो आपण. पण तू हसण्यावारी नेलं नव्हतंस हे मला ठाऊक होतं. तेव्हाच ठरलं, आपल्या मुलखाचा एक मोठा मॅप करायचा, आणि तो नमुना म्हणून दोघींच्या नावानं पाठवायचा. कुणी विचारलं तर सांगायचं, डोंगर नणंदेचे, जमीन माझी. तू हे वाक्य पाठच करून ठेवलं होतंस.

वहिनी, ह्या मॅपवर आपण जेवढं भांडलो तेवढं घरात कशावरूनच भांडलो नाही. तुला कडा मऊ हव्या होत्या, मला कळणाऱ्या. मी म्हणायचे, खेळणाऱ्याला दिसलं पाहिजे कुठं घोडा जातो, कुठं चिखलात रुततो, कुठं घर बांधता येतं. तू एवढं सगळं विरघळवून टाकलंस तर तो खेळणार कसा? तू म्हणायचीस, बघून खेळंल. नदीपाशी तर आपण अडूनच बसलो. नदी एकाच ठिकाणी पायी ओलांडता येते, अशी ठेवली होती मी. त्या उताराच्या दोन्ही बाजूंना मी दगड लावले, खूण म्हणून. तू ते काढून टाकलेस.

"पाण्याचा रंग बदलतो की तिथं. बघणाऱ्याला दिसतो."

"आणि न बघणाऱ्याला?"

"तो बुडंल."

"लोक मला शिव्या देतील, वहिनी!"

"देऊ दे. एकदा बुडाला की पुढच्या खेपेला बघंल."

मी दगड परत लावले. मी आंघोळीला गेले की तू काढायचीस. तू दुकानात गेलीस की मी लावायचे. आई म्हणाली, दगडावरून भांडणाऱ्या बाया पहिल्यांदा बघितल्या.

त्यातच तुला ताप आला. अंगावर काढलास. सणाचे बॅनर आहेत, इम्रान एकटा पडेल म्हणून गोळी खाऊन दुकानात जात राहिलीस. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणालीस तेव्हा दादानं उचललंच तुला. डेंग्यू निघाला. दवाखान्यात रोज सकाळी प्लेटलेटचा आकडा सांगायचे आणि दादाचा चेहरा बघूनच आम्हाला तो कळायचा. त्याच्या कंपनीतली पोरं रक्त द्यायला रांगेत उभी होती. इम्रानही होता. घरी महापालिकेची माणसं औषध टाकायला आली, त्यांनी आपल्या गॅलरीतल्या ड्रमांत बॅटरी मारून बघितलं. काय सापडलं ते मी विचारलं नाही. आई अजून त्या ड्रमांकडं बघत नाही. पाणी भरायचं झालं तर मला पाठवते.

शेवटचं तू माझ्याशी बोललीस ते दगडांवरूनच. ओठ सुकले होते. मी चमच्यानं नारळपाणी पाजत होते. तू हळूच म्हणालीस, "काढलेस का?"

"काय?"

"दगड."

"तू घरी ये. मग काढते."

"म्हंजे ठेवलेत अजून." आणि हसलीस. चमच्यातलं पाणी हनुवटीवरून ओघळलं ते मी माझ्या ओढणीनं पुसलं.

संध्याकाळी तुला आत आयसीयूत हलवलं. मग तू बाहेर आलीच नाहीस. दोन दिवस आम्ही त्या बाकड्यावर होतो. दादा सारखा उठून काचेपाशी जायचा. डॉक्टर बाहेर येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलले, तेव्हा तो म्हणाला, "अजून रक्त लागलं तर आहेत पोरं खाली." तो पुन्हा म्हणाला, "पोरं आहेत खाली." मी त्याचा हात धरला. बाकीचं मला लिहवत नाही.

दगड अजून आहेत, वहिनी. लावलेले तसेच. काढले तर भांडण मिटलं असं होईल आणि ठेवले तर मी जिंकले असं. मला दोन्ही नको. तू मधेच उठून गेलीस.

बरेच दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. उघडला तो नोकरीसाठी. मग एका दुपारी तुझ्या माहेरचे मातीचे फोटो बघत बसले, मूळचे, टाइल करायच्या आधीचे. मळीच्या एका फोटोत कोपऱ्यात तुझ्या पायाचं बोट आलंय, जोडव्यासकट, नखाला माती लागलेली. टाइल करताना तू ते कापून टाकलंस. कामाला उपयोगाचं नव्हतं ना. मी तो फोटो मोठा करून करून बघितला, नुसते ठिपके उरेपर्यंत.

तुला कधी म्हटलं नाही ते आता म्हणते. ह्या घरात मी लई एकटी होते गं. दादा चांगला, आई चांगली, पण मी जे करायचे ते त्यांच्या लेखी चौकोन रंगवणं होतं. तू आलीस आणि पहिल्यांदा बघितलंस तेव्हाच ते वाईट आहे असं सांगितलंस. वाईट आहे असं म्हणण्याइतकं माझं काम आजवर कुणी बघितलंच नव्हतं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. तुझे आई-वडील गावाकडं परतले. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते तुमचं चौकोनाचं काम, ऱ्हायलंय का?"

"व्हय. एक कोपरा राहिलाय."

"मग कर. तिचं काम अर्धं ठेवू नको."

खालचा, पूर्वेकडचा कोपरा राहिला होता. तू नदीपासून उतरत रानं करत आली होतीस आणि बाभळीच्या एका झुडुपापाशी थांबली होतीस. पुढं सगळं कोरं, मॅप बनवायचा एडिटर सुरुवातीला देतो तसलं सपाट हिरवं. मॅप उघडला की लांबूनच दिसायचं, इथपर्यंत तू आलीस, इथं तुला ताप आला. मी ते बघायचे आणि बंद करायचे. आई बोलली म्हणून परवा रविवारी बसले.

सकाळी सुरू केलं. तुझ्याच टाइल घेतल्या. वर कोण, खाली कोण, ते आधी ठरवलं. शेजारी-शेजारी तीच टाइल येऊ दिली नाही. शिवण झाकायला झाड लावायचं नाय, झाड असंल तिथंच लावायचं, हे तुझं वाक्य मनात म्हणत राहिले. तुझ्या बाभळी एकदम संपत होत्या, म्हणून थोड्या अलीकडं, थोड्या पलीकडं आणल्या. काळ्या रानातून मुरूम वर येताना तुझ्या भावाच्या बांधासारखा यायला हवा होता, तो काही केल्या येईना. पुसला, केला, परत पुसला. दुपार कशी गेली कळलं नाही. आणि एका क्षणी तो आला, वहिनी. रेघ नव्हतीच कुठं. मी मोठ्यानं म्हणाले, "जमलं!" आणि डावीकडं वळले.

तिथं इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता. आईनं तुझ्या खुर्चीवर ठेवलेला.

मी सेव्ह केलं. एडिटर बंद केला, तोंड धुऊन आले आणि सगळा मॅप एकदम दिसावा म्हणून पुन्हा उघडला. तुझं कुठं संपलं ते बघायचं होतं मला. आणि सापडेना. बाभळींपाशी शोधलं, तर तुझ्या कोणत्या आणि माझ्या कोणत्या ते कळेना. मोठं करून बघितलं, लहान करून बघितलं. मुरमापासून मागं मागं येत गेले, ही माझी, ही माझी, ही बहुतेक माझी, आणि मग एकदम तुझी नदी आली. मधली कुठली तरी शेवटची टाइल तू लावलेली होती, तुझ्या हातानं, अंगात ताप असताना, आणि ती मी मिसळून टाकली. जुनी प्रत ठेवायची सवय तुला होती, मला नाही. तू शिकवलंस तसंच केलं गं मी. नीट केलं. वाईट केलं असतं तर बरं झालं असतं.

मी रडत असताना दादा आला. तुझ्या खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर ठेवले आणि बसला. आजवर कधी बसला नव्हता. म्हणाला, "दाखव."

मी गेम चालू करून त्याला एक माणूस दिला. साधा, बिनहत्याराचा, लाकडं तोडणारा. जिथं क्लिक करशील तिथं तो चालत जाईल, म्हटलं. दादानं त्याला नदीच्या कडेनं चालवला. भराभर नाही, एक-एक पाऊल टाकल्यासारखा. रेतीतून मळीत, मळीतून काळ्यात. मधेच थांबायचा, नुसता बघायचा, मग पुढं न्यायचा.

"हे सगळं हिनं केलं?"

"डोंगर माझे. जमीन तिची. तो खालचा कोपरा तेवढा मी केलाय, आज."

"कुठपर्यंत हिचं?"

तो माझ्याकडं बघत नव्हता, पडद्याकडं बघत होता. वहिनी, त्याला काय सांगू? सापडत नाही म्हणू? एवढ्या दिवसांत त्यानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी एका बाभळीवर बोट ठेवलं.

"इथपर्यंत."

त्यानं तो माणूस हळूहळू तिथवर आणला. बाभळीखाली उभा केला. पुढं नेला नाही. आई आतून जेवायला हाका मारत होती. दादा म्हणाला, "थांब आई, जरा." आणि बघत बसला.

बोट मी अंदाजानं ठेवलं होतं. त्याला सांगितलेलं नाही.